टिपणीस मॅडमची शांत खोली

डॉ. सुलभा टिपणीस यांना शांतता दाखवायची फार हौस होती. लोक पाहुण्यांना कुतुबमिनार दाखवतात, मॅडम आपला बूथ दाखवायच्या. बूथ म्हणजे आमच्या सरकारी रुग्णालयातली कान तपासायची खोली: जाड भिंती, जाड दार, एक काचेची खिडकी आणि आत जेमतेम दोन खुर्च्या मावतील एवढी जागा. मंत्रालयातला साहेब येवो नाहीतर रंगाऱ्यांचा मुकादम, मॅडम त्याला आत बसवून दार लावून घ्यायच्या आणि बाहेरून काचेतून त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहायच्या. तो बाहेर आला की विचारायच्या, "क्या सुना?" तो बिचारा गोंधळून म्हणायचा, "कुछ नहीं, मैडम." हे उत्तर ऐकून त्या मनापासून खूष व्हायच्या आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणायच्या, "बघा शिर्के, अख्ख्या दिल्लीत एवढीच एक जागा आहे."

मी त्या विभागाचा कार्यालय अधीक्षक. कानातलं मला काही कळत नाही, फायलीतलं कळतं. मूळचा साताऱ्याकडचा, पण सगळी नोकरी दिल्लीत आणि बिऱ्हाड आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यामुळे वैतागायचं असलं की मॅडम माझ्या टेबलाशी येऊन मराठीत वैतागायच्या. त्यांच्या संशोधनाबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं त्या वैतागातून आलेलं आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

काही मुलांचे कान ठणठणीत असतात. टाचणी पडली तरी ऐकू येते. पण वर्गात पंखा खडखडत असला, मागची पोरं कुजबुजत असली, की बाईंचं बोलणं आणि बाकीचा गोंगाट यांची त्यांच्या डोक्यात खिचडी होते. स्वमग्न मुलांत, अतिचंचल मुलांत, उशिरा बोलायला लागलेल्या मुलांत हे पुष्कळ दिसतं म्हणे. कानाची साधी तपासणी सांगते, सगळं ठीक आहे. मग घरचे म्हणतात, मुद्दाम करतो. शाळा म्हणते, याला दुसरीकडे घाला. मॅडमना या मुलांसाठी एक चाचणी तयार करायची होती. हेडफोनमधून गोंगाट ऐकवायचा, त्या गोंगाटात एक हिंदी शब्द यायचा आणि मुलाने समोरच्या चित्रांपैकी बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. अशा चाचण्या परदेशात होत्या, पण त्यांतला गोंगाट तिकडचा. "मागे काटेचमचे वाजतात हो त्यात," मॅडम म्हणायच्या. "आमच्या पोरांच्या कानाशी काटेचमचे कुठे वाजतात?"

म्हणून त्यांनी इथला गोंगाट गोळा करायला घेतला. त्यांच्या पर्समध्ये पावडर-लिपस्टिकच्या जागी एक रेकॉर्डर असायचा. सरकारी शाळेचा वर्ग, कूलरची घरघर, बसस्टॉप, मेट्रोच्या फलाटावरची सूचना, जे मिळेल ते त्या भरून घ्यायच्या. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात आम्ही सहकुटुंब थालीपीठ खायला गेलो होतो, तिथे या कोपऱ्यातल्या टेबलावर ताटापुढे रेकॉर्डर ठेवून डोळे मिटून बसलेल्या. माझ्या बायकोने ओळख काढून त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं, तर तिथेही तेच. स्वयंपाकघरात कुकर, हॉलमध्ये टीव्ही आणि बायकांचा कलकलाट. मॅडम वाण बाजूला ठेवून ओट्याशी उभ्या. "वहिनी, प्लीज, अजून एकदा फोडणी द्या ना. मघाशी कुणीतरी मध्येच शिंकलं." बायकोने बिचारीने काही कारण नसताना मोहरीची फोडणी दिली. आमच्या घरची ती फोडणी पुढे कित्येक मुलांच्या कानांवर पडली, याचा बायकोला अजून अभिमान आहे.

बोलायला त्या तुटक होत्या. नवरा लवकर गेलेला, मुलगी बेंगळुरूला आयटीत, आणि मॅडम एकट्या मयूर विहारमध्ये. डबा रोज एकच, दहीभात. खाताना कुणी चपलांचा आवाज करत गेलं तर कपाळाला आठी. पण मूल समोर आलं की आवाज असा खाली यायचा की ती हीच बाई का असं वाटावं. मुलाला त्या कधी "इधर देखो" म्हणाल्या नाहीत. स्वतःच खाली वाकून त्याच्या नजरेच्या वाटेत जाऊन बसायच्या.

आईबापांशी मात्र त्यांचा वेगळाच हिशेब. एकदा रोहिणीकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मोठे अधिकारी असावेत, कारण माझ्या टेबलापाशी ते खुर्ची मिळेपर्यंत बोललेच नाहीत. "यह जानबूझकर नहीं सुनता," ते म्हणाले आणि बोलता बोलता त्यांनी मुलाच्या डोक्यात टपली मारली. मॅडमनी मुलाला माझ्याजवळ बसवलं आणि बापाला बूथमध्ये नेलं. कानांवर हेडफोन चढवले, गोंगाट पुरता वर नेला आणि त्यातून त्या सूचना द्यायला लागल्या: उठा, घड्याळ उजव्या हातात घाला, पेन खिशात ठेवा. काचेतून आम्हांला दिसत होतं. साहेब उठले, पुन्हा बसले, चष्माच काढला, मग घामाघूम होऊन नुसतेच बघत राहिले. मॅडमनी दार उघडलं आणि शांतपणे विचारलं, "अब मैं एक टपली मारूँ?" साहेबांनी मान खाली घातली. जाताना त्यांनी मुलाचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं होतं.

त्या दिवशी मॅडम मला म्हणाल्या, "शिर्के, या धंद्यात एकच नियम आहे. आधी मुलाचं खरं मानायचं, मग मशीनचं." हे वाक्य त्या नव्या शिकाऊ मुलींनाही ऐकवायच्या. मी ते इतक्यांदा ऐकलंय की आता ते आठवायलाही नको वाटतं.

अलिना मुलाणी आली ती याच काळात. तिचे वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात, आई शबाना मिरजेची. आमच्याच कॉलनीत, दोन ब्लॉक सोडून राहायचे. आठेक वर्षांची मुलगी, स्वमग्न, पण बोलायची. दिल्लीत वाढलेली म्हणून बहुतेक हिंदीत, पण आईशी "नको" आणि "चल" एवढं मराठीत. ती साध्या शाळेत जात होती आणि शाळेला आता ती नको झाली होती. हिला वर्गातलं कळतच नाही, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापिकेने सांगितलं, मोठ्या रुग्णालयाचा रिपोर्ट आणा. हिला ऐकून समजतं असं त्यात आलं तर पुढच्या बाकावर बसवू, सवलती देऊ. नाहीतर हिची सोय वेगळ्या शाळेत करा.

मॅडमना अलिनाबद्दल खात्री होती. बाहेरच्या बाकावर, एवढ्या गर्दीत, शिपाई ओरडत असताना, आई हळूच म्हणाली "पाणी पी", की ती बाटली उघडायची. पण बूथमध्ये गेली की हीच मुलगी कोसळायची. हेडफोन काढून टाकायची, कानांवर हात घ्यायची, आणि मग खुर्चीवरून उतरून डाव्या भिंतीशी खाली बसायची. तिथे मशीनच्या तारा आत यायच्या, त्या भोकावर एक पत्र्याची पट्टी होती. अलिना त्या पट्टीवर तळहात दाबून धरायची. चित्रांकडे बघायचीच नाही. "वहाँ नहीं बेटा, बिजली है," म्हणून शिकाऊ मुलगी तिचा हात काढायची आणि ती पुन्हा ठेवायची. मॅडमनी ते नोंदवलं: एकच कृती पुन्हा पुन्हा करते. अशा मुलांत ते असतंच.

पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. मॅडमनी तिला खाऊ दिला, चित्रं बदलली, आईला आत बसवून तिचे हात धरायला सांगितले. निकाल सुधारला नाही. "मग ती बाहेर कसं ऐकते हो?" मी विचारलं. मला आपलं सहज सुचलं होतं. मॅडम म्हणाल्या, "तोंडाकडे बघून ओळखत असेल. बूथ खोटं बोलत नाही, शिर्के." आणि त्यांनी रिपोर्ट लिहिला, जसा दिसला तसा. गोंगाट नसतानाही हिला शब्द नीट उमगत नाहीत. प्रामाणिक रिपोर्ट होता. अलिनाला वेगळ्या शाळेत घातलं. सगळ्या तऱ्हेच्या मुलांना एका मोठ्या खोलीत बसवून ठेवायची ती जागा. मॅडमचं काम पुढे चालू राहिलं, परिषदांत वाखाणलं गेलं, आणि त्यांची चाचणी इतर रुग्णालयांतही वापरावी असं ठरू लागलं.

मग एका उन्हाळ्यात बूथमागचा यूपीएस बिघडला. दिल्लीत वीज गेली की चाचणी अर्ध्यावर मोडायची, म्हणून काम सुरू करतानाच मॅडमनी तो भांडून मागून घेतला होता. बॅटऱ्या फुगल्या म्हणून तो दुरुस्तीला गेला आणि काही दिवस बूथ साध्या विजेवर चालला. त्या दिवसांत मुलं शहाण्यासारखी बसायला लागली. कानांवर हात नाहीत, रडणं नाही. निकाल चांगले यायला लागले. मॅडमना वाटलं, नवी रंगीत चित्रं लागू पडली. त्यांनी सगळ्या विभागाला जिलबी खाऊ घातली. यूपीएस परत आला आणि मुलं पुन्हा रडायला लागली.

त्या दिवशी मॅडम दुपारी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजातून एक वेगळा मायक्रोफोन मागवून आणला आणि बूथच्या आत ठेवला. मी कसल्याशा सहीसाठी गेलो होतो. त्यांनी मला बसवून घेतलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट केलं. पडद्याच्या पार उजव्या टोकाला एक बारीक उभी रेघ होती. "यूपीएस बंद करून या," त्या म्हणाल्या. मी बंद करून आलो, रेघ नव्हती. चालू केला, रेघ आली. मला काही कळेना, तेव्हा त्यांनीच सांगितलं. ती रेघ म्हणजे एक अतिशय किनरा आवाज होता. तो यूपीएसमधून निघून तारांच्या भोकातून आत येत होता. माणसाचं वय वाढतं तसे हे सूर आधी ऐकू येईनासे होतात. मुलांना येतात. बूथची दरवर्षी तपासणी व्हायची, पण नियमाप्रमाणे ती तपासणी इतक्या वरच्या सुरांपर्यंत जातच नाही. साधी मुलं त्या आवाजाकडे दुर्लक्ष करत असणार. ज्यांना दुर्लक्ष करता येत नाही, त्याच मुलांवर तर मॅडमचं संशोधन होतं.

"शिकाऊ मुलींनाही नाही आला?" मी विचारलं.

"एकीला आला होता. ती म्हणालेली, मैडम, कुछ बारीक-सा बजता है. मी तिला म्हटलं, तुझ्याच कानात वाजत असेल, शांत खोलीत तसं होतं." त्यांनी पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "अलिना ते भोक बुजवत होती, शिर्के. नेमकं तिथं हात ठेवत होती. आणि आम्ही तिचा हात काढत होतो."

त्यानंतर मॅडमनी जे केलं ते करणारी माणसं मी नोकरीत दुसरी पाहिली नाहीत. छापून आलेलं आपलं सगळं काम त्यांनी स्वतः पत्रं लिहून मागे घेतलं. या मुलांच्या आणि साध्या मुलांच्या निकालांत जो फरक त्यांना सापडला होता, त्यातला किती मुलांचा आणि किती त्या आवाजाचा, हे आता कधीच सांगता येणार नव्हतं. परिषदांची बोलावणी थांबली. चाचणी दुसरीकडे न्यायचं बारगळलं. विभागप्रमुख समजूतदारपणे म्हणाले, "टिपणीस जी, जो आवाज़ मानक में है ही नहीं, उसे मैं काग़ज़ पर कैसे लाऊँ?" यूपीएस हलवायची फाईल मी स्वतः घेऊन फिरलो. इंजिनिअर लोक आले, बूथमध्ये उभे राहिले, एकमेकांकडे पाहिलं. सगळे पन्नाशीच्या आसपासचे. "मैडम, हमें तो कुछ सुनाई नहीं देता," म्हणाले आणि फाईल परत आली. शेवटी मॅडमनी बाजारातून पुट्टी आणली आणि पत्र्याची पट्टी काढून ते भोक स्वतःच्या हाताने बुजवलं. नवी तार टाकायला माणसं आली की ती उकरायची. मॅडम पुन्हा भरायच्या. पर्समध्ये रेकॉर्डरच्या जागी आता पुट्टीचा गोळा असायचा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.

मुलाण्यांकडे जायला त्यांनी मला बरोबर घेतलं. शबानाबाईंनी चहा ठेवला. मॅडमनी काही न लपवता सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "माझा रिपोर्ट चुकीचा होता. मी नवीन करून देते, शाळेशी भांडते. तिला एकदा घेऊन या." अलिना पलंगाच्या कडेला बसली होती, खिडकीकडे तोंड करून. तिने आमच्याकडे वळून पाहिलं नाही. बोलणंही तिचं त्या शाळेत गेल्यापासून बंद झालं होतं, हिंदीही आणि मराठीही.

शबानाबाई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. "मॅडम, त्या दिवशी मी तिचे हात धरले होते," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, धरा. अच्छा, मग ती सांगत होती म्हणायची." आणि अलिनाकडे बघून म्हणाल्या, "आता ती हात कुठंच ठेवत नाही. म्हणजे आता तिला काही सांगायचं नाही, असंच ना?"

 अलिनाला एकदा आणायचा प्रयत्न झाला, पण रुग्णालयाचं फाटक दिसताच ती रस्त्यावर बसली, ती उठेचना. पुढे तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते बिऱ्हाड गेलं. मॅडमही निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांना शाल देऊन भाषणं झाली. बूथबद्दल कुणी बोललं नाही.

मीही निवृत्त झालो आणि मुलाच्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. तिथे टीव्हीच्या आवाजावरून सुनेची आणि माझी रोज कुरबुर. अखेर बायको म्हणाली, जाऊन कान तपासून या. मग मी आपल्याच जुन्या विभागात पेशंट म्हणून गेलो.

बाहेरच्या बाकावर मॅडम होत्या. केस पांढरे, साडी चुरगळलेली, मांडीवर तीच पर्स. शेजारी एक बाई छोट्या मुलाला घेऊन बसली होती आणि मॅडम तिला हिंदीत समजावत होत्या, "अंदर यह कान पर हाथ रखे तो हटाना मत. किसी को हटाने भी मत देना." त्या बाईने मुलाला दुसऱ्या बाजूला ओढून घेतलं. दारावरचा गार्ड माझ्या ओळखीचा. तो हळूच म्हणाला, "रोज़ आ जाती हैं, सर. अंदर जाने की ज़िद करती हैं. साहब ने मना किया है."

मला पाहून त्या उठल्या. कशी काय प्रकृती वगैरे काही नाही. "शिर्के, तुम्ही आत जाताय ना?" त्यांनी पर्स उघडली आणि प्लास्टिकमधला गोळा माझ्या हातात दिला. "नवीन मशीन बसवलंय, माझी पुट्टी काढली असणार. तेवढं भोक बुजवून द्या. मला जाऊ देत नाहीत."

मी आत गेलो. जाड दार लागलं. डाव्या भिंतीकडे पाहिलं तर ती पट्टी नव्हतीच. तिथे आता हातभर रुंदीची जाळी होती आणि तिच्यातून जाड-बारीक तारांचा जुडगा आत येत होता. माझ्या हातातल्या गोळ्याने त्याचा कोपराही भरला नसता. मी कान देऊन ऐकलं. काही नव्हतं. खोली अगदी शांत होती.

काचेबाहेर मॅडम उभ्या होत्या. त्यांनी भुवया उंचावून, हाताचा तळवा दाबल्यासारखा करून मला विचारलं, झालं?

मी मान डोलावली.

त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला बघवेना. त्यांनी पर्स बंद केली, गार्डने काही म्हणायच्या आत त्याला "चलती हूँ" म्हणाल्या आणि जिन्याकडे निघून गेल्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. माझी तपासणी झाली, वरचे सूर गेलेत म्हणाले, वयाप्रमाणे. मी गोळा खिशात घालून बाहेर आलो तेव्हा ती बाई मुलाला घेऊन आत चालली होती. मी लिफ्टची वाट बघत होतो. बूथच्या काचेतून दिसत होतं, मुलाने कानांवर हात घेतले होते, आणि नवी शिकाऊ मुलगी हसून, अगदी हळुवारपणे, ते काढत होती.